‘नागपुरात आहे काय बघायला?’

नागपूरबद्दल सर्वांत तुच्छतेने कोण बोलत असेल, तर तो नागपूरकर. पुण्या-मुंबईचा माणूस ऊन आणि संत्री यांवर दोन वाक्यं बोलून थांबतो. आपला माणूस थेट निकाल देतो: “नागपुरात आहे काय बघायला?” या निकालाला अलीकडे नवा पुरावा जोडला जातो. प्राग, क्राकोव किंवा रोम करून आलेली मंडळी सांगतात की तिथे त्यांनी आपल्या कुटुंबापुरता खास गाइड घेतला होता. त्याने तीन तास गल्लीबोळांतून पायी हिंडवलं, एकेका दारापाशी थांबून एकेका शतकाची गोष्ट सांगितली, पैसे वसूल झाले. एवढं सांगून झालं की पुढचं ठरलेलं असतं. असं आपल्याकडे व्हायचं नाही. जुनं काही उरलं नाही. जे उरलं ते इंग्रजांनी बांधलेलं. फुटपाथ नाहीत, ऊन मरणाचं. आणि मोबाइलवर सगळं मिळत असताना आपल्याच गावात गाइडला पैसे देणार कोण?

या मंडळींच्या प्रवासाबद्दल माझी काही तक्रार नाही. जावं, बघावं, चार पैसे खर्चावेत. तक्रार आहे ती त्यांनी काढलेल्या निष्कर्षाबद्दल. गाइडने शहर बोलकं केलं, हे ते स्वतःच कबूल करतात. मग घरी आल्यावर श्रेय मात्र दगडांना देतात. त्यांच्याच अनुभवातून निघणारा सरळ निष्कर्ष असा आहे की शहर बघण्याजोगं होतं ते जाणकार, कसलेल्या आणि मेहनताना घेणाऱ्या सांगणाऱ्यामुळे. नागपूरला इतिहासाचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो अशा माणसांचा, आणि तो भरून काढता येतो. हे मत एकेका आक्षेपासमोर उभं करून बघू.

पहिला आक्षेप जुनेपणाचा. युरोपने जुनं जपलं, आपण पाडलं, असं म्हटलं जातं. अर्धं खरं आहे. पाडण्यात आपण हयगय केलेली नाही. पण युरोपचं ‘जुनं’ जरा जवळून बघा. पोलंडच्या वॉर्सा शहरातला जुना चौक पर्यटकांनी भरलेला असतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी हा भाग जवळजवळ पूर्ण जमीनदोस्त केला होता. आज दिसतात ती घरं युद्धानंतर नव्याने बांधलेली आहेत. त्यासाठी बेलोट्टो या चित्रकाराने अठराव्या शतकात काढलेली शहराची चित्रंही समोर ठेवली गेली. हे लपवून ठेवलेलं नाही, उलट ती पुनर्बांधणी हाच वारसा मानून युनेस्कोने १९८० मध्ये तो भाग जागतिक वारसा यादीत घेतला. बार्सिलोनाच्या ‘गॉथिक’ वस्तीत दोन इमारतींना जोडणारा एक कोरीव पूल आहे. त्याच्याखाली उभं राहून मध्ययुगाच्या नावाने फोटो काढले जातात. तो पूल १९२८ मधला आहे. आपल्या नागपूर रेल्वे स्थानकाच्या वालुकाश्मी इमारतीचं उद्घाटन १९२५ मध्ये झालं. म्हणजे पुलापेक्षा आपलं स्टेशन तीन वर्षांनी मोठं, आणि त्याच्यासमोर आपण फक्त ऑटोवाल्याशी हुज्जत घालतो.

यावरून युरोप नकली आहे असं मला म्हणायचं नाही. तिथे चौक पुन्हा उभा करताना त्याची गोष्टही उभी केली गेली, आणि ती सांगणारे तयार केले गेले. लंडनच्या निळ्या बिल्ल्याच्या गाइडला तो बिल्ला मिळवण्याआधी दीर्घ अभ्यासक्रम आणि परीक्षांतून जावं लागतं. फ्रान्समध्ये संग्रहालयांत आणि स्मारकांत माहिती सांगणाऱ्या गाइडसाठी सरकारी ओळखपत्राची व्यवस्था आहे. आपल्या मंडळींना प्रागमध्ये जो भेटला, तो आभाळातून पडलेला नव्हता.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: नागपूर हे इंग्रजांनी मोठं केलेलं प्रशासकीय गाव, त्याआधीचं सांगण्यासारखं काही नाही. इथे थांबून सविस्तर बोलावं लागेल, कारण हे अज्ञान आपण शाळेपासून जपलेलं आहे.

शहराबाहेर काटोल रस्त्यावर जुनापाणीला महापाषाणयुगातली शिळावर्तुळं आहेत, थोडीथोडकी नव्हे, शेकड्यांनी. पायी फेरीच्या टप्प्यात ती येत नाहीत म्हणून सोडून देऊ. फेरी सुरू करू महालातल्या गांधी गेटपासून. हा जुना जुम्मा दरवाजा, शहराच्या कोटाचा अवशेष. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या अगदी आरंभी बारा वाड्या-वस्त्या एकत्र करून हे शहर वसवलं. त्याचा वारस चांद सुलतान याने राजधानी इथे आणली, भोवती कोट घातला, आणि नाल्याला बांध घालून जुम्मा तलाव केला, ज्याला आज आपण गांधीसागर म्हणतो. महालातच गोंड राजांचा किल्ला आहे. किल्ला म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतं तसं तिथे काही दिसत नाही. वस्तीने वेढलेल्या भिंती आणि दरवाजा दिसतो, आणि माहिती नसेल तर माणूस समोरून भाजीची पिशवी घेऊन निघून जातो. पण या शहराचे मूळ मालक कोण, याचं उत्तर त्या दरवाजाशी आहे.

पुढची गोष्ट तर कुठल्याही गाइडला हवीहवीशी वाटेल. चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर वारसाहक्काची भांडणं सुरू झाली. राणीने मदतीला बोलावलं म्हणून रघूजी भोसले आले, आणि १७४० च्या दशकात राज्यच त्यांच्या हाती गेलं. पण त्यांनी गोंड राजाला हाकललं नाही. राजा हा किताब आणि तनखा देऊन त्याला नागपुरातच ठेवलं. एकाच महालात नावाचा राजा एकीकडे आणि सत्तेचा धनी दुसरीकडे, काही पावलांच्या अंतरावर. प्रागच्या गाइडला हा मजकूर दिला तर तो त्यावर पाऊण तास खाईल.

भोसल्यांचा राजवाडा काळ्या दगडाचा होता, लाकडी कोरीवकामाने सजलेला. १८६४ मध्ये तो आगीत गेला. उरलं ते भव्य प्रवेशद्वार. ‘जुनं काही उरलं नाही’ म्हणणाऱ्यांनी त्या दारापाशी उभं राहून एवढाच विचार करावा की या नागपूरकरांच्या फौजांच्या धास्तीने १७४२ मध्ये कलकत्त्याच्या इंग्रजांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. त्याचं नावच ‘मराठा डिच’ पडलं. १७५१ मध्ये बंगालच्या अलिवर्दी खानाने ओडिशा सोडला तो याच घराण्याला. बंगालच्या अंगाईगीतात ‘बर्गी’ येतात ते हेच स्वार, आणि तिथल्या लेकरांना त्यांची भीती घातली गेली. त्या भीतीची बाजूही या दारापाशी सांगितली पाहिजे. आपल्या पराक्रमाचं आणि दुसऱ्याच्या हालांचं गणित एकाच जागी मांडता येतं, अशा जागा शहरात फार नसतात.

आणि हो, युरोप. पहिल्या रघूजींची तलवार २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमध्ये सदबीजच्या लिलावात आली. महाराष्ट्र शासनाने ४७ लाख १५ हजार रुपये मोजून ती मिळवली, आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोहोचली. पातं युरोपात घडलेलं, त्यावर सोन्याने देवनागरीत धन्याचं नाव. १८१७ च्या पराभवानंतर ती इंग्रजांच्या हाती गेली असावी असा अंदाज आहे. तलवारीच्या स्वागताला मिरवणूक निघाली, बातम्या झाल्या. पण ज्याच्या कमरेला ती होती त्याच्या दारापाशी उभं राहून सांगणारा माणूस आज कोणाला हवा असेल, तर तो कुठे गाठायचा? शासन वस्तू परत आणतं ते चांगलंच करतं. पण त्या वस्तूची गोष्ट जिथे घडली ती जागा मुकी ठेवायची, हे तर्काला धरून नाही.

महालातून गांधीसागराच्या काठाने निघालं की एम्प्रेस मिलची जागा येते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, ही गिरणी सुरू केली. नाव त्यावरूनच. तलावाशेजारची ही जमीन दलदलीची होती आणि भराव घालावा लागला. टाटा जमिनीत सोनं पुरताहेत, असं म्हणून एका मारवाडी सावकाराने पैसा द्यायला नकार दिला. पुढे त्यालाच म्हणावं लागलं की यांनी माती टाकली आणि सोनं काढलं. ही आख्यायिका टाटांच्या चरित्रात येते. टाटांच्या उद्योगाची पहिली मोठी गिरणी जमशेदपूरला नव्हे, इथे उभी राहिली. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती कायमची बंद पडली. त्या जागेच्या एका भागात आज मॉल आहे. त्या मॉलच्या सरकत्या जिन्यावर उभ्या असलेल्या किती जणांना आपण कशावर उभे आहोत हे ठाऊक असेल? आणि गिरणीच्या सुताने हलबा कोष्ट्यांच्या मागांचं काय केलं, तो समाज इतवारी-पाचपावलीच्या पट्ट्यात कसा तगून राहिला, त्याच्या स्वयंपाकघरातून निघालेलं सावजी जेवण शहराची ओळख कसं झालं, हे सांगायला एका कोष्ट्याच्या मुलापेक्षा चांगला गाइड कोणता?

तिथून सीताबर्डी. दोन टेकड्या, एक थोरली, एक धाकटी. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ या दोन दिवसांत आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेने इथे ठाण मांडलेल्या इंग्रजांना जवळजवळ उखडलं होतं. भोसल्यांच्या पदरच्या अरबांनी धाकटी टेकडी घेतलीही होती. मग कॅप्टन फिट्झगेराल्डच्या घोडदळाने पारडं फिरवलं. महिन्याभरात राज्याचा कणा मोडला, आणि आप्पासाहेब शेवटी १८४० मध्ये जोधपुरात, परक्याच्या आश्रयाला वारले. या टेकडीवरचा किल्ला सैन्याच्या ताब्यात आहे, आणि सामान्य माणसाला तो २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच खुला होतो. हे मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने मान्य करतो: बंद दारांची फेरी कोणी घेणार नाही. पण टेकडीच्या पायथ्याशी उभं राहून लढाईची रचना समजावता येते. सैन्याशी बोलून महिन्यातला एखादा रविवार मागताही येतो. मागितला तरच मिळेल.

इथवर आपण दोन-तीन किलोमीटरच चाललो. गोंड, मराठे, पारशी भांडवल, कंपनी सरकार, सगळं एका सकाळीत. नागपूर हे इंग्रजांनी मोठं केलेलं गाव आहे, या मताचा कुठला पुरावा या वाटेवर सापडला?

तिसरा आक्षेप तरुण मंडळींचा: गाइड कशाला, मोबाइल आहे ना. तर मोबाइल काय सांगतो ते बघा. झिरो माइलचा स्तंभ आणि चार घोडे म्हणजे भारताचा भौगोलिक मध्यबिंदू, असं तो शंभर ठिकाणी सांगतो. रिक्षावाल्यापासून मंत्र्यापर्यंत आपण सगळे तेच म्हणतो. तिथला दगड १९०७ मध्ये भारतीय त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने बसवलेला आहे. उंची मोजण्याच्या कामातलं ते एक संदर्भचिन्ह. देशाचा मध्य शोधून तिथे खांब रोवला, असं काही झालेलं नाही. आणि १९०७ चा हिंदुस्थान कराचीपासून रंगूनपर्यंत होता. ब्रह्मदेश गेला, फाळणी झाली, नकाशा दोनदा बदलला, तरी आपला मध्यबिंदू जागचा हलला नाही, ही गंमत कोणाच्या ध्यानात येत नाही.

दुसरं उदाहरण त्याहून बोलकं. सीताबर्डी किल्ल्यात १९२३ च्या एप्रिल-मे महिन्यांत महात्मा गांधींना कैदेत ठेवलं होतं, असं इंटरनेटवर तारखांसकट फिरतं. आता साधी उजळणी करा. गांधीजींना मार्च १९२२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, ते येरवड्याला गेले, आणि आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर फेब्रुवारी १९२४ मध्ये सुटले. मग १९२३ च्या उन्हाळ्यात ते नागपूरच्या टेकडीवर कसे? त्या उन्हाळ्यात नागपुरात घडलं ते वेगळंच आणि मोठं: झेंडा सत्याग्रह. तिरंग्याची मिरवणूक सिव्हिल लाइन्समध्ये न्यायला बंदी होती आणि देशभरातून स्वयंसेवक येऊन अटक करून घेत होते. जमनालाल बजाज पकडले गेले, नंतर वल्लभभाई पटेल आले. नागपूरच्या रस्त्यावर घडलेली ही लढाई आपण विसरलो आणि न घडलेली कोठडी लक्षात ठेवली. हे बघा, मोबाइल माहिती देतो. ती चुकली तर त्याला कोणी जाब विचारत नाही. समोर उभ्या असलेल्या, पैसे घेतलेल्या, परीक्षा दिलेल्या माणसाला विचारता येतो. गाइडची फी ही त्या जबाबदारीची किंमत आहे.

आणि काही गोष्टी मोबाइल सांगतच नाही, कारण त्या कोणी विचारत नाही. झिरो माइलपासून हाकेच्या अंतरावर गोवारी स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, हिवाळी अधिवेशन चालू असताना, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटजवळ गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं मेली. त्यांत बायका-मुलं बहुसंख्य. त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे, त्यावरून आपण रोज जातो. जर्मनीत गुंटर डेमनिग नावाच्या कलावंताने १९९२ पासून फुटपाथमध्ये छोट्या पितळी पाट्या बसवायला सुरुवात केली. ज्या घरातून नाझींनी माणसाला उचललं, त्या घरासमोर त्याचं नाव, जन्मसाल, शेवट. आज अशा पाट्या युरोपभर लाखाच्या घरात आहेत आणि फेरीतला गाइड तिथे थांबतोच. आपली मंडळी त्या पाट्यांपाशी हळवी होतात. होऊ देत. पण ती हळहळ विमानाचं तिकीट काढल्यावरच का जागी व्हावी?

चौथा आक्षेप ऊन आणि रस्त्यांचा. यात तथ्य आहे, त्यामुळे लांबण लावत नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता महालात फिरवणारा गाइड शहाणा म्हणता येणार नाही. स्पेनमधलं सेव्हिल उन्हाळ्यात चाळिशी सहज ओलांडतं. तिथेही फेऱ्या सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा निघतात. नागपूरला नोव्हेंबर ते फेब्रुवारी असा लख्ख मोसम आहे आणि सात वाजताचा महाल अजून गाड्यांनी तुंबलेला नसतो. फुटपाथ नाहीत हे खरं. पण फुटपाथ मिळतात ते चालणाऱ्यांचा दबाव असतो तिथे. चालणारेच नाहीत म्हणून फुटपाथ नाहीत, आणि फुटपाथ नाहीत म्हणून चालायचं नाही, हे चक्र कुठून तरी तोडावं लागेल.

पाचवा आक्षेप खिशाचा. आपलंच शहर बघायला पैसे द्यायचे? हे श्रीमंतांचे चोचले. हा आक्षेप ऐकला की मला ताडोबा आठवतो. नागपूरला विमानाने उतरणारे कितीतरी पर्यटक शहराकडे वळूनही न बघता ताडोबा किंवा पेंचची वाट धरतात. तिथे प्रत्येक जिप्सीत गाइड घ्यावाच लागतो, नियमच आहे. तो आसपासच्या गावातला असतो, वनखात्याने शिकवलेला असतो, त्याचा मोबदला ठरलेला असतो. वाघ दिसला नाही तरी तो मोबदला आपण देतो आणि कोणी त्याला चोचले म्हणत नाही. उलट या गाइडांमुळे गावात रोजगार आला, जंगलाबद्दल आपुलकी वाढली, असं आपणच कौतुकाने सांगतो. मग वाघाच्या पाऊलखुणा दाखवणाऱ्याला पैसे देणं रास्त, आणि तीनशे वर्षांच्या राजधानीच्या खुणा दाखवणाऱ्याने मात्र हौस म्हणून फुकट फिरवावं, हा न्याय कुठला? इंटॅकसारख्या संस्था आणि काही अभ्यासक अधूनमधून वारसा फेऱ्या काढतात, मनापासून काढतात. पण वर्षातल्या चार रविवारांवर पेशा उभा राहत नाही. जिथे पेशा नाही तिथे पुढची पिढी येत नाही.

अभ्यासाची सामग्री नाही, असंही म्हणू नये. यादव माधव काळे यांनी १९३४ मध्ये ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ लिहून ठेवला आहे. रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्सचा १८२७ चा अहवाल आहे. वासुदेव विष्णू मिराशी याच शहरात बसून वाकाटकांचे ताम्रपट वाचत होते. कपाटं भरलेली आहेत. कपाट आणि रस्ता यांच्यामध्ये माणूस नाही.

आता शेवटचा आक्षेप, जो उघड बोलला जात नाही पण अधिकाऱ्यांच्या मनात तोच असतो: महालात जाऊन सांगणार काय? वाद होतील. धास्ती निराधार नाही. १७ मार्च २०२५ रोजी औरंगजेबाच्या कबरीच्या वादातून याच महालात दंगल झाली, संचारबंदी लागली. आणि तिथून हाकेच्या अंतरावर ज्या गोंड राजाचा किल्ला आहे, त्याला ‘बख्त बुलंद’ हे नाव औरंगजेबाच्या दरबारात मिळालं, तिथेच त्याने इस्लाम स्वीकारला, आणि परत येऊन त्याने हे शहर वसवलं. परतल्यावर त्याने त्याच औरंगजेबाच्या मुलखावर स्वाऱ्याही केल्या. यातलं एक वाक्य सांगून दुसरं गाळलं तर दंगलीचा मसाला होतो. सगळी वाक्यं सलग सांगितली तर इतिहास होतो, आणि कोणत्याच बाजूला तो घोषणेसारखा वापरता येत नाही. दगड हातात घेणाऱ्या पोरांना कोणी हा इतिहास त्याच गल्लीत उभं राहून सांगितला असता तर दंगल टळली असती, असा भाबडा दावा मी करत नाही. पण न सांगण्याचं धोरण आपण इतकी वर्षं पाळलं, आणि त्याने दंगल थांबली नाही, एवढं तर दिसलं.

याच शहरात १९२५ च्या विजयादशमीला राष्ट्रीय स्वयंसेवक संघ स्थापन झाला आणि मोहिते वाड्याच्या मैदानावर पुढे शाखा भरू लागली. याच शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्याच सणाच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यासाठी ते उतरले होते सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात. आधुनिक भारताच्या दोन परस्परविरोधी स्वप्नांचे पत्ते पायी चालता येईल अशा अंतरावर असलेलं दुसरं शहर दाखवा. दरवर्षी दोन्हीकडे गर्दी होते, आणि एकीकडचा माणूस दुसरीकडची जागा क्वचितच बघतो. उत्तर आयर्लंडच्या बेलफास्टमध्ये तीस वर्षं माणसं मरत होती. तिथे आज पायी फेरी निघते ती अशी: प्रजासत्ताकवादी वस्तीतून एक माजी कैदी फिरवत आणतो, मधल्या भिंतीपाशी पर्यटकांना सोडतो, आणि पलीकडे दुसऱ्या गटाचा माजी कैदी त्यांना ताब्यात घेऊन आपली बाजू सांगतो. नागपुरात तर रक्ताची अशी नदी वाहिलेली नाही. मग एका फेरीत अर्धी वाट एकाने आणि अर्धी वाट दुसऱ्याने सांगायला कोणाची हरकत असावी? सर्वांना पटेल असा एकच गुळगुळीत मजकूर छापून गाइडला पाठ करायला लावणं हा खरा धोका आहे. तसं झालं तर मी स्वतः या फेऱ्यांच्या विरोधात लिहीन.

एक धोका मात्र माझ्या बाजूनेही मांडला पाहिजे. फेरी लोकप्रिय झाली की राहणारे लोक प्रदर्शनातल्या वस्तू होतात. ॲमस्टरडॅमने २०२० पासून वेश्यावस्तीतल्या खिडक्यांसमोरून गाइडसह फेऱ्या नेण्यावर बंदी घातली, ती याच कारणाने. महाल, इतवारी, पाचपावली ही राहती घरं आहेत. म्हणून गट लहान हवा, लाउडस्पीकर नको, कोणाच्या ओसरीवर विचारल्याशिवाय पाय नको, आणि फीचा काही वाटा त्या वस्तीत राहायला हवा. गाइड शक्यतो त्याच वस्तीचा असावा, म्हणजे या अटी त्याला शिकवाव्या लागत नाहीत. फुटाळ्याच्या रंगीत कारंज्यांवर आपण जो खर्च केला, आणि ज्यावरून वर्षानुवर्षं कोर्टकचेरी झाली, त्याच्या एका कोपऱ्यात हे सगळं बसतं.

मागणी त्यामुळे छोटी आहे. महापालिका आणि पर्यटन संचालनालयाने मिळून एका हिवाळ्यापुरते गाइड निवडावेत: गोंड, कोष्टी, गिरणी कामगाराच्या घरातले, इतिहासाचे विद्यार्थी, ज्यांना शहर तोंडपाठ आहे असे कोणीही. काळे-मिराशींपासून आजच्या संशोधनापर्यंत त्यांना वाचायला लावावं, परीक्षा घ्यावी, ओळखपत्र द्यावं, दर जाहीर करावा. गांधी गेटपाशी एक फलक लावावा. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत फेरी असावी, आणि महापालिकेच्या शाळांना ती मोफत असावी. किल्ल्याचा एक रविवार सैन्याकडे मागावा. एवढं करून माणसं आली नाहीत, तर प्रयोग बंद करावा आणि पैसे वाया गेले असं खुशाल लिहावं.

तोपर्यंत प्राग करून आलेल्या मंडळींना एकच विचारायचं आहे. त्या शहरात तुम्ही तीन तास चाललात, माहीतगार माणसाला पैसे दिलेत, प्रश्न विचारलेत, आणि मग मत बनवलंत. नागपूरबद्दल मत बनवण्याआधी यातलं काय केलंत? सांगणाऱ्यासोबत एक सकाळ महाल ते सीताबर्डी चाला, आणि त्यानंतर ‘आहे काय बघायला’ असं म्हणा. त्या मताचा प्रतिवाद करायला मी पुन्हा आनंदाने बसेन. आजचं तुमचं म्हणणं मत म्हणण्याजोगंही नाही.